सुटका झाली, पुढे काय? परदेशातल्या देहविक्रीच्या वस्त्यांमधलं ख्रिस्ती मिशनकाम

बँकॉकच्या नाना प्लाझात संध्याकाळी सातच्या सुमाराला फारशी वर्दळ नसते. बारमधल्या बायका आरशासमोर बसलेल्या असतात, कुणी फोनवरून गावाकडच्या मुलाची विचारपूस करत असते. परदेशी गिऱ्हाइकं अजून यायची असतात. ख्रिस्ती संस्थांच्या कार्यकर्त्या बहुधा हीच वेळ साधतात. दोघी-तिघी मिळून येतात, स्वतःसाठी कोक मागवतात आणि समोरच्या मुलीसाठी ‘लेडी ड्रिंक’. हे पेय साध्या पेयापेक्षा महाग असतं, कारण त्यातला वाटा त्या मुलीला मिळतो. गिऱ्हाईक तिचा वेळ विकत घेतं तसाच या बायकाही घेतात, फक्त गप्पा मारायला. मालकाचा धंदा बुडत नाही, त्यामुळे तोही हाकलून देत नाही. गाव कुठलं, घरी कोण कोण आहे, आईचं बरं आहे ना, एवढ्यावर पहिली भेट उरकते. मुरलेल्या कार्यकर्त्या पहिल्या भेटीत देवाचा विषय काढत नाहीत.

परदेशात वेश्यांमध्ये मिशनकाम म्हटलं की साधारण दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. कुंटणखान्याचं दार फोडून मुलींना बाहेर काढणारे शूर लोक, नाहीतर गरिबीचा फायदा घेऊन धर्म बदलायला लावणारे गोरे पाद्री. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण या कामाचा मोठा भाग त्या चित्रांबाहेर राहतो आणि तो पैशाचा आहे. बाई कुणाचं देणं लागते, घरी दर महिन्याला किती पाठवते, आणि हे काम सोडलं तर तेवढी रक्कम कुठून उभी करणार? माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या मिशनला हा हिशेब कळला त्याच्या हातून काही उभं राहिलं. ज्याला कळला नाही त्याने बायकांना एका दारातून काढून दुसऱ्या दारात उभं केलं.

मुळात चर्चला या वस्तीत जावंसं का वाटतं? जकातदार आणि कळवंतिणी तुमच्याआधी देवाच्या राज्यात जातात, असं येशूने धर्मपुढाऱ्यांना तोंडावर सुनावल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. त्याच पुस्तकातल्या येशूच्या वंशावळीत राहाबचं नाव येतं, आणि परंपरा तिला यरीहोची वेश्या राहाब मानते. बँकॉकच्याच पॅटपाँग भागातल्या एका जुन्या मिशनने तिचंच नाव घेतलं, राहाब मिनिस्ट्रीज. या विचाराचा ठसा पंडिता रमाबाईंवरही उमटला होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचा आश्रम दाखवला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची तिथे माणुसकीने देखभाल चाललेली पाहून त्या चकित झाल्या. असं का करता, या त्यांच्या प्रश्नाला एका सिस्टरने बायबलमधल्या शोमरोनी स्त्रीची, लोकांनी कमी लेखलेल्या बाईशी येशू आपुलकीने बोलला ती, गोष्ट वाचून उत्तर दिलं. रमाबाईंनी स्वतःच्या धर्मांतराची हकीकत लिहिताना हा प्रसंग आवर्जून नोंदवला आहे.

पण दयेने पोट भरत नाही आणि कर्जही फिटत नाही. हे समजायला जपानची गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

जपानमध्ये परवानाधारक वेश्यावस्त्या होत्या, त्यांत टोकियोची योशिवारा सर्वांत प्रसिद्ध. मुलगी तिथे यायची ती बहुतेक वेळा बापाने घेतलेल्या उचलीपोटी. मालक बापाच्या हातात एकरकमी पैसे ठेवायचा आणि ते फिटेपर्यंत मुलीने राबायचं. जेवण, किमोनो, अंथरूण-पांघरूण, सगळं तिच्याच खात्यावर चढायचं. कागदोपत्री ही गुलामगिरी नव्हती. १८७२ मध्येच सरकारने अशा मुलींना मुक्त केल्याचं जाहीर केलं होतं. त्यावर तोडगा म्हणून मालक नुसते ‘खोल्या भाड्याने देणारे’ झाले, मुली कागदावर ‘स्वेच्छेने’ काम करू लागल्या आणि धंदा पूर्वीसारखा चालू राहिला.

नागोयातले अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी यू. जी. मर्फी यांनी प्रवचन बाजूला ठेवून कोर्टाची पायरी चढली. बाईला धंदा सोडायचा असेल तर मालक तिला अडवू शकतो का, एवढाच प्रश्न. १९०० मध्ये जपानच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कर्ज असलं तरी कुणालाही मनाविरुद्ध या धंद्यात ठेवता येणार नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुक्तिफौजेने, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेने, आपल्या वर्तमानपत्राचा खास अंक काढला, ‘तुम्हाला निघून जाता येतं’ हे त्यात सांगितलं आणि ढोल वाजवत थेट योशिवारात तो वाटायला नेला. मालकांच्या गुंडांनी त्यांना बडवलं. मारहाणीच्या बातम्या छापून आल्या आणि जे पत्रकाने झालं नसतं ते बातम्यांनी झालं, सगळ्या देशाला हा हक्क कळला. ऑक्टोबरमध्ये सरकारने नवे नियम काढले. त्यांनुसार बाई पोलिसांकडे जाऊन आपलं नाव यादीतून कमी करून घेऊ शकत होती. मुक्तिफौजेचे जपानी नेते यामामुरो गुनपेई यांचं नाव यात पुढे असतं. बाहेर पडलेल्या बायकांसाठी टोकियोत काढलेलं घर त्यांच्या पत्नी किएको चालवत होत्या, हे कमी जणांना माहीत असतं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण १९०२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की धंदा सोडण्याचा हक्क वेगळा आणि कर्ज वेगळं, कर्ज फेडावंच लागेल. मग बाई बाहेर पडली की सावकार बापाच्या दारात. घर गहाण, धाकटी बहीण वयात आलेली. अशा वेळी किती जणी परत गेल्या असतील, त्याचा अंदाज करायला आकडे लागत नाहीत. उचलीसकट असा करारच रद्दबातल, असं जपानचं सर्वोच्च न्यायालय शेवटी १९५५ मध्ये म्हणालं. त्या खटल्यात एका बापाने सोळाही पुरी न झालेल्या मुलीच्या कामावर ४०,००० येन उचलले होते. हक्क मिळाला आणि हक्क वापरता आला, यांच्यामध्ये पंचावन्न वर्षं गेली.

मिशनच्या घरांचीही एक काळी बाजू आहे. परंपरेने जिला पश्चात्ताप झालेली वेश्या मानलं त्या बायबलमधल्या मग्दालीया मरीयेच्या नावाने निघालेल्या आश्रयगृहांपैकी पहिलं मोठं लंडनमध्ये १७५८ मध्ये निघालं. आयर्लंडमध्ये त्यांच्या लाँड्र्या झाल्या. ‘वाट चुकलेल्या’ बायकांना आत घ्यायचं, धुणी धुवायला लावायची, पगार नाही आणि बाहेर पडायची सोय नाही. यातल्या बहुसंख्य जणी वेश्या नव्हत्याच. कुणी अविवाहित आई होती, कुणी घरच्यांना नकोशी झालेली. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली आणि २०१३ मध्ये आयरिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आजच्या कुठल्याही सुधारगृहाविषयी मला पहिला प्रश्न विचारावासा वाटतो तो याच इतिहासामुळे: या घराचं दार आतून उघडतं का?

आता अलीकडच्या काळाकडे. २००० साली दोन गोष्टी घडल्या. संयुक्त राष्ट्रांनी पालेर्मो प्रोटोकॉल मंजूर केला आणि मानवी तस्करी म्हणजे काय याची जगभर चालेल अशी व्याख्या ठरली. कुणाला तरी कामाला लावण्यासाठी नेणं, त्यासाठी जबरदस्ती, फसवणूक किंवा लाचारीचा गैरफायदा वापरणं, आणि हेतू शोषणाचा असणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर ती तस्करी. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर जबरदस्ती सिद्ध करायची गरज नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवायला हवा. प्रौढ बाई स्वतःहून, भले नाइलाजाने, या धंद्यात आली असेल तर या व्याख्येत ती तस्करीची बळी ठरत नाही. मिशनच्या पत्रकांत मात्र हे दोन्ही सर्रास एकत्र केलेलं दिसतं, आणि अर्धे वाद तिथूनच सुरू होतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिथे त्याच वर्षी तस्करीविरोधी कायदा झाला आणि परराष्ट्र खातं दरवर्षी देशांना श्रेणी देऊ लागलं. तळाच्या श्रेणीत गेलं तर मदत कापली जाण्याची भीती. बुश सरकारच्या काळात या कामाला निधी आला आणि त्यात चर्चशी जोडलेल्या संस्थांनाही वाटा मिळाला. २००३ मध्ये एक अट आली की पैसे हवे असतील तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी भूमिका घ्यावी. बहुतेक मिशनना त्यात अडचण नव्हती. एड्सवर काम करणाऱ्यांना होती, कारण ज्या बायकांच्या विश्वासावर काम चालतं त्यांच्याच कामाचा निषेध करून मग त्यांना दवाखान्यात बोलवायचं कसं? ब्राझीलने २००५ मध्ये या अटीपायी सुमारे ४ कोटी डॉलर नाकारले. अमेरिकी संस्थांपुरती ही सक्ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांवरची अट मात्र २०२० मध्ये त्याच न्यायालयाने कायम ठेवली.

छापा घालून सुटका करण्याची पद्धत याच काळात गाजली. इंटरनॅशनल जस्टिस मिशन ही संस्था गॅरी हॉगन या वकिलाने १९९७ मध्ये काढली. त्यांनी त्याआधी रवांडाच्या नरसंहाराच्या तपासात काम केलं होतं. मार्च २००३ मध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हच्या बाहेरच्या स्वाय पाक वस्तीत पोलिसांबरोबर छापा झाला आणि ३७ मुली बाहेर काढल्या गेल्या. काही दहा वर्षांखालच्या होत्या. अमेरिकन टीव्हीने हे दाखवलं आणि जग हादरलं. इथे एक बाब स्वच्छ मांडायला हवी. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘तिची इच्छा’, ‘तिचा निर्णय’ ही चर्चाच गैरलागू आहे, तिला तिथून काढायलाच हवं. आणि या कामाचा परिणाम झाला नाही असंही नाही. संस्थेच्या स्वतःच्या पाहणीनुसार कंबोडियातल्या देहविक्रीत अल्पवयीनांचं प्रमाण २०१२ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१५ मध्ये २.२ टक्क्यांवर आलं. पोलिसांना प्रशिक्षण, खटले, शिक्षा, हे सगळं त्यामागे होतं.

पण छाप्याला वय दिसत नाही. २००३ च्या छाप्यातल्या काही मुली निवाऱ्यातून थोड्याच दिवसांत पळून गेल्या. २००८ मध्ये कंबोडियाने कडक कायदा केला आणि पोलिसांनी रस्त्यावरच्या प्रौढ बायकांना सरसकट उचलायला सुरुवात केली. त्यांना प्रेय स्पेऊसारख्या सरकारी केंद्रांत डांबलं जाई. ह्यूमन राइट्स वॉचने २०१० मध्ये तिथली मारहाण, बलात्कार, पैसे उकळणं यांची नोंद केली. हे मिशनने केलं नव्हतं, पोलिसांनी केलं होतं. तरीही ज्या पोलिसांच्या भरवशावर सुटका करायची त्यांचाच हप्ता बायकांकडून येतो, हे न पाहता छाप्यांचा आग्रह धरणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

थायलंडचं चित्र वेगळं आहे. तिथल्या १९९६ च्या कायद्याने देहविक्री बेकायदा आहे, पण बार, मसाज पार्लर, कराओके यांना १९६६ च्या करमणूक स्थळांच्या कायद्याखाली परवाने मिळतात. बारमध्ये मुलगी नोकरीला असते. गिऱ्हाइकाला तिला बाहेर न्यायचं असेल तर तो बारला ‘बार फाइन’ देतो आणि पुढचा व्यवहार त्या दोघांचा. कुलूपबंद खोली नाही, पहारेकरी नाही. मग दार फोडायचं कुठलं?

इथल्या पुष्कळ बायका ईसानच्या, म्हणजे ईशान्येकडच्या कोरडवाहू भातशेतीच्या भागातल्या. नवरा सोडून गेलेला, मूल आजीकडे, आजीच्या औषधांचा खर्च, घराचं अर्धवट बांधकाम. आईवडिलांचे उपकार फेडणं हे थाई संस्कारांत मुलांचं, आणि विशेषतः मुलींचं, मोठं कर्तव्य मानलं जातं. गावाला पैसे पाठवणाऱ्या मुलीला बँकॉकमध्ये काय काम करते असं कुणी फारसं विचारत नाही. त्यामुळे मिशनची कार्यकर्ती जेव्हा म्हणते, ‘हे सोड, आमच्याकडे ये’, तेव्हा ती बाई मनातल्या मनात लगेच बेरीज-वजाबाकी करते. २०१३ मध्ये थायलंडमध्ये किमान मजुरी दिवसाला ३०० बाट झाली. बारमध्ये एका बऱ्या रात्रीत त्याच्या कित्येक पट मिळू शकतात. वाईट रात्री काहीच नाही, शिवाय मार, आजार, दारू आणि पोलीस. तरी सरासरी काढली तर बार पुढे जातो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून काही संस्थांनी रोजगार हाताशी धरला. २००५ मध्ये बँकॉकमध्ये सुरू झालेली नाइटलाइट ही त्यांतली माहितीची संस्था. तिथे बायका दागिने घडवतात, पगार दरमहा मिळतो आणि दागिने प्रामुख्याने परदेशात, चर्चच्या ओळखीने विकले जातात. ठरलेल्या तारखेला पगार मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, तिला हसू नये. मात्र एलेना शिह या समाजशास्त्रज्ञ महिलेने बँकॉक आणि बीजिंगमधल्या अशा प्रकल्पांत राहून जे मांडलं तेही वाचण्यासारखं आहे. कामगारांना मिळतं ते किमान वेतनाच्या आसपास, कामाच्या दिवसात प्रार्थनेची वेळ असते, खासगी वागण्यावर नियम असतात, आणि दागिना विकला जातो तो तिच्या सुटकेच्या कहाणीवर. एखादी उत्तम कारागीर झाली तरी तिची ओळख ‘वाचवलेली’ हीच राहते, कारण मालाची किंमत त्यातच आहे.

शिवणकामाचं तर हसंच झालं आहे. सुधारगृह म्हटलं की शिवणयंत्र, हे इतकं ठरून गेलं की आशियातल्या देहविक्री करणाऱ्यांच्या संघटनांनी काट मारलेलं शिवणयंत्र हेच आपलं चिन्ह केलं. कंबोडियात याचा अर्थ चटकन कळतो. तिथल्या कापड कारखान्यांत २०१३ मध्ये किमान पगार महिन्याला ८० डॉलरच्या घरात होता. पुष्कळ बायका त्याच कारखान्यातून कंटाळून बिअर बारमध्ये आलेल्या. त्यांना शिवण शिकवून परत तिथेच पाठवायचं, आणि अहवालात ‘पुनर्वसन’ लिहायचं.

आता धर्माचा प्रश्न. रेड क्रॉस आणि इतर संस्थांनी १९९४ मध्ये आपत्तीतल्या मदतीसाठी आचारसंहिता केली. मदतीचा वापर धर्ममत पुढे नेण्यासाठी करू नये असं तिच्यात आहे, आणि अनेक ख्रिस्ती संस्थांनी तिच्यावर सही केली आहे. आपत्ती आली, मदत दिली, निघून गेलं, तिथे हे पाळणं जमतं. निवाऱ्यात पाच वर्षं वाढणाऱ्या मुलीच्या बाबतीत रेघ कुठे ओढायची? जेवणाआधी प्रार्थना, रविवारी चर्च, ताईंची माया, यांत सक्ती कुठली हे दाखवता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. याचा सगळ्यात प्रामाणिक अभ्यास ख्रिस्ती लोकांनीच केला आहे. कंबोडियातल्या चाब दाय या ख्रिस्ती संस्थांच्या संघाने शोषणातून बाहेर आलेल्या १२८ जणांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेतला. त्यांत मुलगेही होते. निवाऱ्यात सुरक्षित वाटलं असं पुष्कळांनी सांगितलं. तिथे ख्रिस्ती झालेल्या मुली बौद्ध घरी परतल्यावर सण, पितर, पॅगोडा यांतून वाट काढताना अडकल्या. घरचं कर्ज होतं तिथेच होतं. संस्थेने दिलेले शब्द पाळले गेले नाहीत, मधेच मदत थांबली, अशा तक्रारीही आल्या. स्वतःच्या कामातले दोष इतक्या चिकाटीने नोंदवणाऱ्या संघाबद्दल मला आदर वाटतो.

ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यातल्या संघटित बायका काय म्हणतात, तेही ऐकायला हवं. थायलंडमधली एम्पॉवर ही संघटना १९८५ पासून आहे. पॅटपाँगमध्ये इंग्रजीचे वर्ग घेण्यापासून तिची सुरुवात झाली, हेतू हा की गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना बाई फसू नये. पुढे चियांग माईमध्ये त्यांनी स्वतःचा बार काढला. तिथे साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा आणि विमा मिळतो. २०१२ च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा होता की थायलंडमध्ये तस्करांपेक्षा तस्करीविरोधी कारवाईचाच त्रास आता जास्त बायकांना होतो. हे जरा ताणलेलं असेल. पण छाप्यानंतर म्यानमारहून आलेल्या बाईला महिनोन्‌महिने निवाऱ्यात ठेवून शेवटी सीमेपार पाठवलं आणि ती नव्या दलालाचं नवं कर्ज डोक्यावर घेऊन परत आली, तर तिच्या खात्यात ‘सुटका’ हा आणखी एक खर्चच पडला, हे नाकारता येत नाही.

मार्च २०२० मध्ये बँकॉकचे बार बंद झाले. सरकारी मदत तिथल्या बायकांपर्यंत सहजी येईना, कारण कायद्याच्या लेखी त्यांचं कामच नव्हतं. तेव्हा मिशन आणि एम्पॉवरसारख्या संघटना दोघीही तांदूळ-तेलाच्या पिशव्या वाटत होत्या. बार उघडल्यावर गर्दी परत आली, पण बरंचसं काम फोनवर सरकलं. फोनवर गिऱ्हाईक गाठणाऱ्या बाईला कोक घेऊन कुठे भेटायचं हे कुणालाच ठाऊक नाही. इंटरनॅशनल जस्टिस मिशनसारख्या संस्थांकडे कंबोडियात आता वेगळीच माणसं येऊ लागली आहेत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून आलेले, कुंपणाआड कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेले तरुण. त्यांत पुरुष बरेच आहेत, कित्येक पदवीधर. सुटायचं असेल तर तिकिटाचे, जेवणाचे आणि मालकाने ‘खरेदी’साठी मोजलेले पैसे भरा, असं त्यांनाही सांगितलेलं असतं.